आ करा, बाबा

(दुपार. रुग्णालयातली एक खोली. वडील खाटेवर बसलेले आहेत. उद्या त्यांचा गुडघा बदलायचा आहे. मुलगी भूल देणारी डॉक्टर आहे. मुलगा हाडांचा डॉक्टर. ऑपरेशन तोच करणार आहे. तो थोड्या वेळाने येतो.)

मुलगी : अजून मोठा आ करा, बाबा.

वडील : गुडघा खाली आहे गं.

मुलगी : भूल देण्याआधी तोंड बघावंच लागतं. सगळ्यांचं बघते मी. जीभ खाली ठेवा. हे काय आहे?

वडील : कुठे काय?

मुलगी : उजवीकडची दाढ. हिरडी टम्म फुगलीय. जरा दाबते हं. शी. पू येतोय, बाबा.

वडील : असेल थोडाफार. म्हातारं तोंड आहे.

मुलगी : तरीच मघापासून वास येतोय. मला वाटलं, शेजारच्या खोलीतून, त्या पेशंटच्या जखमेचा येतोय.

वडील : तिकडूनही येतोच की. आमच्या दोघांचा मिळून असेल.

मुलगी : हसू नका. कधीपासून आहे हे?

वडील : दुखत काही नाही. डावीकडून जेवलं की पत्ताही लागत नाही.

मुलगी : म्हणजे बरेच दिवस झाले. आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत.

वडील : तुझ्या दादाला माहीत आहे ना. तोच म्हणाला, तिच्यासमोर तोंड फार उघडू नका, ती उगाच ऑपरेशन पुढे ढकलेल.

मुलगी : दादा म्हणाला असं?

वडील : आता त्याच्यावर चिडू नकोस. उद्या बाहेरगावचे डॉक्टर येतायत त्याचं काम बघायला. सगळं ठरलंय.

मुलगा : (आत येत) काय, झाली का तपासणी? बाबा, पाय जरा सरळ करा बघू.

मुलगी : त्यांना हात लावू नकोस.

मुलगा : का?

मुलगी : शेजारच्या खोलीतून आलास ना? त्या ड्रायव्हरची जखम बघून? हात धुतलेस?

मुलगा : हातमोजे होते.

मुलगी : हात धुतलेस का, विचारलं.

मुलगा : आता तू मला हात धुवायला शिकवणार?

मुलगी : बेसिन तिथे आहे.

वडील : धू रे बाबा. लहानपणीही जेवायच्या आधी तुझा हाच तमाशा असायचा.

मुलगा : घ्या. धुतले. आता बोल.

मुलगी : बाबांच्या दाढेचं तुला माहीत होतं.

मुलगा : किडकी दाढ आहे. या वयात कोणाची नसते? अँटिबायोटिक देऊ की चांगलं दणकून.

मुलगी : तो पू रक्तातून नव्या सांध्यात जाऊन बसू शकतो. मग पुन्हा सगळं उघडायचं, घातलेलं काढायचं. हे मी तुला सांगतेय, हाडांच्या डॉक्टरला.

मुलगा : बसू शकतो. बसेलच असं नाही.

मुलगी : ड्रायव्हरच्या ऑपरेशनच्या वेळीही हेच म्हणाला होतास. त्याची साखर खाली येऊ दे, थोडं थांबू, म्हटलं मी. तर मला बाजूला करून भूल द्यायला दुसऱ्याला बोलावलंस. आज त्याच्या गुडघ्यात बोट जाईल एवढं भोक आहे.

मुलगा : त्याने पथ्य पाळलं नाही.

मुलगी : त्याच्या बायकोलाही हेच ऐकवलंस. मी दारात उभी होते. ती मान खाली घालून ऐकत होती, जशी काही तिनेच त्याला साखर भरवली. मला ओकारी आली, दादा. जखमेने नाही. जखमा मी रोज बघते.

मुलगा : हळू बोल, भिंती पातळ आहेत. हे बघ, माणसं लांबून येतायत. सख्ख्या बापाचं ऑपरेशन स्वतः करतो म्हणून येतायत. लोकांचा केवढा विश्वास बसेल, कळतंय का तुला?

मुलगी : म्हणजे बाबा मांडून ठेवायचा नमुना.

मुलगा : शब्द फिरवू नकोस. त्यांना घरचा जिना चढवत नाही. त्यांच्यासाठीच करतोय मी.

मुलगी : मग दाढ काढू दे, हिरडी भरू दे, आणि कर. तोवर मी भूल देणार नाही.

मुलगा : नको देऊस. दुसऱ्याला बोलावतो.

वडील : बोलावशील?

मुलगा : बाबा, तुम्ही यात पडू नका.

वडील : गुडघा माझा, आणि मी पडू नको? तो पलीकडचा रोज सकाळी पट्टी बदलताना ओरडतो. मी नर्सला विचारलं, तर म्हणाली, त्याने काळजी घेतली नाही. मी मनातून चिडलो त्याच्यावर. म्हटलं, माझा मुलगा एवढं राबतो, आणि हे लोक मातीत घालतात.

मुलगा : बाबा, तसं नाही.

वडील : माझा पाय सडला असता, तर बाहेर जाऊन काय सांगितलं असतंस? म्हातारा दात घासत नव्हता?

मुलगा : काहीतरीच काय बोलता.

वडील : तू सांगितलंस आणि मी तोंड मिटून बसलो. पू गिळत होतो रे, तुझं नाव व्हावं म्हणून. आता माझीच मला किळस येतेय.

मुलगी : बाबा, जरा आडवे व्हा.

वडील : नाही. माझी पिशवी भर. दातांच्या डॉक्टरकडे ने मला.

मुलगा : आणि उद्या येणाऱ्यांना मी काय सांगू?

वडील : दाढेत पू होता, म्हणून थांबलो. त्यात लाज कसली? पण त्यांच्या आधी त्या ड्रायव्हरच्या बायकोला सांग. थांबायला हवं होतं, घाई मी केली, एवढंच.

मुलगा : ती कोर्टात जाईल.

वडील : जाईल कदाचित.

मुलगी : ड्रायव्हरला आजच मोठ्या रुग्णालयात हलवायला हवं. गुडघा उघडून धुवावा लागेल. मी त्याच्यासोबत जाते, बाबांसाठी दातांच्या डॉक्टरला फोन करून ठेवते. पण हे कशामुळे झालं, ते तिला तुझ्याकडून कळू दे.

मुलगा : कुठे असते ती?

मुलगी : बाहेरच्या बाकावर. आत्ता तिच्यासमोरूनच आलास.