डावीकडचा ब्रेक

हॅलो?

… हां, बोला वन्सं. … नाही हो, सकाळी अकराला कोण झोपतंय. … धाप? हो, लागलीय थोडी. … जिने नाही चढले, गाडीतून उतरले आत्ताच.

… बाहेर आहे. म्हणजे गावाबाहेरच. तो पत्र्यांचा कारखाना बंद पडलाय ना, त्याच्या मागच्या आवारात. … अहो, एकटी नाही, मिस्त्री आहेत बरोबर. गॅरेजवाले. … हो, तेच, पांढऱ्या मिशांचे. हे गेले तेव्हा भेटायला आले होते आणि तुमच्या हातचा चहा तीनदा मागून घेतला होता, तेच. … नाही, आत्ता समोर नाहीत. पाण्याची टाकी भरायला गेलेत. जमिनीवर पाणी मारावं लागतं.

… कशाला म्हणजे… सांगते ना. आधी तुम्ही फोन कशाला केलात ते सांगा.

… अरे वा. बबडीला अठरा पूर्ण झाली? कालपर्यंत माझ्या मांडीवर बसून हॉर्न वाजवायची ती. … हो. … हो, लायसन्स काढायलाच हवं, आज ना उद्या लागतंच. …

माझ्याकडे?

… ऐकतेय. … ऐकतेय हो, बोला. … वन्सं, मी आता शिकवत नाही. … सुट्टीवर नाही, बंदच केलंय. … पाटी आहे अजून, ती उतरवायला कोणाला तरी शिडी घेऊन बोलवायला हवं, तेवढं होत नाही माझ्याच्यानं. … सात महिने झाले. … तुमच्यापासून लपवलं असं नाही, कोणालाच सांगितलं नाही.

… दुसऱ्या शाळेत घाला ना तिला. बाजाराजवळ आहे एक, चांगले आहेत ते. … तसं नाही वन्सं. … अहो, मामी आहे म्हणूनच सांगतेय. … काय म्हणालात? … परत म्हणा. … "मामीच्या पायाशी ब्रेक आहे, म्हणून मी निर्धास्त." … हं.

… नाही, काही झालं नाही. येतोय आवाज.

… बरं बाई, सांगते इथं काय करतेय ते. पण हसायचं नाही. गाडी घसरवायला शिकतेय. … घ-स-र-वा-य-ला. ड्रिफ्ट म्हणतात त्याला. … मुद्दाम, हो. … बावन्नाव्या वर्षी, हो. … नाही, डोक्यावर परिणाम झालेला नाही. डोक्यावर हेल्मेट असतं. ते बसावं म्हणून अंबाडा सोडावा लागतो, मग मी अशी काही दिसते की मिस्त्रींचा कुत्रा अजून भुंकतो माझ्यावर. … हसलात ना शेवटी?

… रस्त्यावर नाही हो, वेड लागलंय का. मोकळं आवार आहे, मधोमध एक रिकामं पिंप उभं केलंय, त्याच्याभोवती फिरायचं. वेग घ्यायचा, वळवायची, हँडब्रेक खसकन ओढून सोडून द्यायचा. मागची चाकं सुटतात आणि गाडीचं बूड बाहेर फेकलं जातं. … तेव्हा स्टीअरिंग उलटं फिरवायचं, बूड जिकडे चाललंय तिकडे. पिंपाकडे बघायचं नाही, जिकडे जायचंय तिकडे बघायचं. आणि पायाखालच्या ब्रेकला शिवायचंसुद्धा नाही. तेच सगळ्यात अवघड.

… कशासाठी… वन्सं, आई कुठंयत? … आतल्या खोलीत? मग दार लोटून घ्या जरा. … घ्या तर. आपलं दोघींतच बोलायचंय.

… थांबा.

… नाही, कोणीतरी बोललं असं वाटलं. … कोणी नाहीये, मी आणि कुत्रा. होतं मला असं. आधी गाडीत बसले की व्हायचं, आता नुसत्या बसल्या जागीसुद्धा होतं. … दाखवलं ना डॉक्टरांना. झोपेच्या गोळ्या दिल्या. पण झोपेत पाय चालतो माझा, त्याला काय करू? उजवा पाय. रात्रभर काहीतरी दाबत असतो. पलंगाच्या पायथ्याच्या फळीला उशी बांधून ठेवलीय, नाहीतर सकाळी तळवा निळा झालेला असतो. … बसमध्ये बसले तरी तेच. परवा एका बाईंची पिशवी चिरडली, टोमॅटो होते तिच्यात. … हसा हो. तेव्हा मलाही हसूच आलं होतं. घरी आल्यावर मग बसले होते दाराशीच, चपला न काढता.

… सांगते. पण मध्ये बोलू नका हं. एकदा थांबले तर परत जमायचं नाही मला.

हे इथं यायचे. … हे म्हणजे हेच, तुमचे भाऊ. … इथंच, ह्याच आवारात. दर रविवारी पत्ते खेळायला म्हणून निघायचे ना? कसले पत्ते. मिस्त्रींकडे हे शिकत होते. आठ महिने. … मला तरी कुठं माहीत होतं? हे गेल्यावर सहा महिन्यांनी मिस्त्रींनी बोलता बोलता सांगितलं. त्यांना वाटलं, मला ठाऊकच असणार. म्हणाले, "वहिनी, त्यांचा हात फार सुरेख बसला होता हो. ते त्या वळणावर कसे गेले, हेच मला उमगत नाही."

… हो ना. बायकोची ड्रायव्हिंगची शाळा आणि नवरा चोरून दुसऱ्याकडे शिकतोय. … मला का नाही सांगितलं, ते माहितीये मला. घरात गाडी एकच, शाळेची, दोन ब्रेकवाली, एक ब्रेक डावीकडे माझ्या पायाशी. बावीस वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून हळू, हळू करत आले. एकदासुद्धा त्यांना मनासारखी गाडी चालवू दिली नाही. कुठेतरी जाऊन एकट्यानं चालवावीशी वाटली असेल त्यांना.

… नाही. तुम्ही सगळे म्हणता तसे वेगात नव्हते ते. … मीच सांगितलं होतं, हो. पोलिसांना, तुम्हाला, आईंना. "गाडी ह्यांच्या हातून सुटली." एवढंच बोलले होते. बाकीचं ज्यानं त्यानं जोडलं. … आई अजून म्हणतात? … काय म्हणतात? … "स्वतः तर गेलाच, बायकोलाही न्यायला निघाला होता." … हं. … माहितीये मला, विषय काढला की उठून जातात. मी तिथं असले की माझ्या पाठीवरून हात फिरवतात, आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटतं.

वन्सं, गाडी सुटली नव्हती.

… शुद्धीवर आहे मी. ऐका. तलावाकडच्या वळणावर खडी सांडली होती, कुठल्यातरी ट्रकमधून. मागची चाकं सरकली. आणि ह्यांनी स्टीअरिंग उलटं फिरवलं. इतक्या शांतपणे, की मला वाटलं, हे काय भलतंच करतायत. मी जन्मभर पोरांना एकच शिकवत आले होते, काही कळेनासं झालं तर ब्रेक. … हो. … हो वन्सं. माझ्या बाजूचा. … मी ठरवून नाही हो केलं, पाय आपोआप गेला. पण गेला, आणि मी सगळा भार टाकून दाबला.

आणि हे म्हणाले, "पाय काढ."

… ओरडले नाहीत. चहात साखर घालताना आपण पुरे म्हणतो ना, तसं म्हणाले. "पाय काढ." … नाही काढला. निघालाच नाही माझा पाय. चाकं जाम झाली, गाडी सरळ गेली, आणि झाड त्यांच्या बाजूला आलं.

…

… हॅलो? … आहात ना? … रडू नका. … बरं, रडा. मी थांबते.

… तेच ऐकू येतं मला, हो. "पाय काढ." भाजी चिरताना, न्हाणीघरात, कुठंही. त्यांच्याच आवाजात. … शाळा त्याच्यामुळेच बंद केली. शेजारी एखादी पोर वळण घेतेय आणि माझ्या कानात हे. मग पाय ठेवायचा की उचलायचा, तेच कळेना. लोकांची लेकरं असतात हो गाडीत.

… शिकायला का आले? … मला बघायचं होतं, मी ब्रेक दाबला नसता तर गाडी सावरली असती का. मिस्त्री म्हणायचे, सावरते. म्हणायला काय जातं? मला माझ्या हातानं बघायचं होतं. आणि खरं सांगू? ती सावरू नये असंच वाटत होतं मला. नसती सावरली तर मी सुटले असते. म्हटलं असतं, चला, तसंही व्हायचंच होतं ते. … सात महिने तसंच चाललं होतं. गाडी घसरली की माझा पाय ब्रेकवर. तीन पिंपं चेपली मी. मिस्त्री मुकाट्यानं चौथं आणून ठेवायचे. त्यांनी एका शब्दानं कधी विचारलं नाही. त्यांना कळलं असावं.

… आज सावरली.

… आत्ताच, तुमचा फोन यायच्या आधी. पाय नाही गेला माझा. गाडी पार आडवी झाली, बाजूच्या काचेतून मला कारखान्याचं फाटक दिसत होतं. मी स्टीअरिंग उलटं धरून ठेवलं आणि… आली हो सरळ. अगदी सहज. दोन सेकंद, फार तर तीन. … तेवढाच वेळ मागत होते हे माझ्याकडे.

… खाली बसलेय जरा. … नाही, पाणी प्यायले. … म्हणून सांगतेय, बबडीला माझ्याकडे पाठवू नका. … बरं, बबडीचं राहू द्या. … मग तुम्हाला मला काय म्हणायचंय ते म्हणा. शिव्या द्या. मोठ्या आहात तुम्ही, तुमचा धाकटा भाऊ होता.

… अं?

… आत्ता? … नको. वन्सं, नको ना. उद्या येते मी, समोर बसून सांगते. … उद्या नक्की येते. … तुम्ही सांगा ना आईंना, तुम्हाला जमेल. मला… … हो. … हो, खरंय. मी बोलले होते, ते मीच मागे घ्यायला हवं. … पण अहो, त्यांना फोनवर ऐकू कमी येतं… वन्सं, दार नका उघडू… वन्सं?

…

… हॅलो. आई, मी बोलतेय. … मी हो, सूनबाई. … बरी आहे. … खाल्लं. … आई, ह्यांच्याबद्दल सांगायचंय. … नाही, फोन देऊ नका वन्संकडे. एवढं ऐका, परत नाही काही मागणार. … ह्यांची चूक नव्हती. … ह्यांची. चूक. नव्हती. मी खोटं सांगितलं होतं तुम्हाला. माझ्या पायाशी ब्रेक असतो ना, तो मी दाबला. … मी. मी दाबला, आई. हे गाडी सावरत होते. त्यांना गाडी येत होती. फार छान येत होती.

…

… आई?

… हो. पुन्हा सांगते. मी भलत्या वेळी ब्रेक… … ते नको? … मग कुठलं? … शेवटचं?

… ह्यांना गाडी येत होती.

… हो. … हो आई, खरंच. मिस्त्रींना विचारा. … अजून एकदा? … ह्यांना गाडी येत होती. … नाही, मी नाही ठेवत फोन. तुमचं ऐकून झालं की तुम्हीच ठेवा. … ह्यांना गाडी येत होती, आई. …