कोरमला दोन माणसं लागतात

नाही, त्या खुर्चीवर नका बसू, ती अध्यक्षांची आहे. ही घ्या, ही पाहुण्यांची — तसे पाहुणे कुणी येत नाहीत, पण पुसलेली असते. दम लागलाय ना? लागणारच, तीन मजले आहेत, आणि खाली पाटीवर नुसतं कंपनीचं नाव आणि इमारतीचा नंबर, मजला कुठे लिहिलेलाच नाही. तळमजल्यावरच्या शिंप्याला विचारलंत ना? सगळे त्यालाच विचारतात. नोंदणीच्या वेळी पत्त्यात मजला घालायचा राहून गेला तो राहूनच गेला, आता बदलायचा म्हणजे पुन्हा ठराव, पुन्हा अर्ज — त्यापेक्षा शिंपी बरा. पाणी घ्या. अकराची सभा, तुम्ही अकराला दोन मिनिटं कमी असताना आलात, हे मला आवडलं. तुमच्या ऑडिटरच्या ऑफिसातून आधी ते टक्कलवाले गृहस्थ यायचे, ते सव्वाअकराला उगवायचे आणि वर बिस्किटं आहेत का विचारायचे.

हे काय, पत्र? बघू. चष्मा कुठे गेला — हां, डोक्यावरच आहे. ‘मी, सदस्य क्रमांक एक, प्रकृतीच्या कारणाने सभेस हजर राहू शकत नसल्यामुळे...’ अस्सं. म्हणजे दादा येणार नाही, आणि तुम्ही त्याची प्रॉक्सी. आणि हा खालचा कागद? कंपनी बंद करण्याचा अर्ज. त्याची सही झालेली, माझ्या सहीच्या जागी पेन्सिलीची फुली. फुली तुम्ही मारलीत की त्यानं? — नको, राहू द्या, सांगू नका. प्रॉक्सीला सभेत बोलायचा अधिकार नसतो, ठाऊक आहे ना? मत देता येतं, बोलता येत नाही. आणि दुसरं, प्रॉक्सीनं कोरम होत नाही. कोरमला दोन माणसं लागतात, ती स्वतः, समोरासमोर. आम्ही सदस्यच दोन, दादा आणि मी. तो नाही म्हणजे सभा नाही. पण कायदा म्हणतो अर्धा तास थांबा. अर्ध्या तासात आला नाही तर सभा तहकूब, पुढच्या आठवड्यात, याच वारी, याच वेळी, याच जागी. तर आपण अर्धा तास थांबायचं. तुमचा फोन पालथा ठेवा. इथे वेळ या घड्याळाची धरतात.

तुम्हाला वाटत असेल, काय ही बाई, सहा वर्षं कंपनीत काम नाही, ताळेबंदात सगळी शून्यं, आणि ही कोरम घेऊन बसलीय. खरंय. काचेच्या मापनळ्या करायचो आम्ही, प्रयोगशाळेत लागतात तशा. दादा नळी फुंकायचा — म्हणजे तापवून, फिरवून, एका श्वासात अशी सरळ काढायचा की नजर लागावी — आणि मी तिच्यावर रेघा ओढायची. मेणाचा थर द्यायचा, सुईनं रेघ ओढायची, मग आम्लात बुडवायची. एका नळीला पाचशे रेघा. एक चुकली तर नळी फुकट. आता सगळं यंत्रावर होतं, आणि प्लॅस्टिकचं होतं, आम्हाला कोण विचारतो. पण कंपनी काय, काम नसलं म्हणून मरत नाही. वर्षाला चार संचालकांच्या सभा, एक सर्वसाधारण, एकवीस दिवस आधी नोटीस, हजेरीवर सह्या, विवरणपत्र, ऑडिट — हे सगळं वेळच्या वेळी केलं की ती जिवंत. आणि मी केलंय. तेहेतीस वर्षांत एकही तारीख चुकवलेली नाही, जाऊन बघा सरकारदरबारी.

कंपनी का काढली, तर भीतीनं काढली. आधी नुसता वडलांचा कारखाना होता, एक लांब खोली, दोन बर्नर. मग एका कॉलेजात आमचा एक चंबू फुटला, तिथल्या माणसाचा हात भाजला. माणूस बरा झाला, पण नोटीस आली, की तुमचं राहतं घर विकून भरपाई देऊ. आई आठ दिवस जेवली नाही. तेव्हा वकिलांनी सांगितलं, मर्यादित कंपनी करा, कंपनी म्हणजे कायद्यानं वेगळी व्यक्ती, तिचं देणं तिच्यापाशी, तुमच्या घराला कुणी हात लावणार नाही. दोन संचालक लागतील म्हणाले. मला वाटलं, दादा वहिनीचं नाव घालणार. सगळ्यांनाच वाटलं, वहिनीनं तर सहीची तालीमसुद्धा केली होती. तर हा संध्याकाळी माझ्या टेबलापाशी आला, मी रेघा ओढतेय, आणि म्हणाला, ‘दुसरं नाव तुझं. नळी मी फुंकतो, पण तुझ्या रेघा नसतील तर ती नुसती काच.’ मी तेहेतीस वर्षांची होते. आयुष्यात कुणी मला इतकं मोठं काही म्हटलं नव्हतं. त्या संध्याकाळी माझ्या तीन नळ्या फुकट गेल्या.

काय? काही म्हणायचंय? नाही, नाही, मघाशी सांगितलं ना. अकरा वाजून नऊ मिनिटं झालीत, थांबा. आणि खिडकीतून सारखं काय बघताय, खाली नुसत्या गाड्या उभ्या असतात.

हे बघा, इतिवृत्ताचं पुस्तक. हे मी लिहिते. पानांना छापील नंबर आहेत, पान फाडता येत नाही, खाडाखोड करता येत नाही. एकदा लिहिलं, पुढच्या सभेत वाचलं, अध्यक्षांनी सही केली, की ते कायम. तुम्ही लोक काय, चार ओळी लिहिता, अमुक ठराव मंजूर, सभा संपली. मी तसं नाही करत. मी सगळं लिहिते, शब्दन्‌शब्द. वाचा ना हे, परवाच्या तिमाहीचं. ‘अध्यक्षांनी सभेस कळवले की डावा गुडघा आता खाली बसू देत नाही. नोंद घेण्यात आली.’ हसा, हसा, मलाही हसू येतं. हे आधीचं — ‘अध्यक्षांनी सभेस कळवले की त्यांना नात झाली असून तिचे डोळे आईसारखे, म्हणजे सभासदांच्या दिवंगत आईसारखे आहेत. सभेने आनंद व्यक्त केला.’ सभेनं म्हणजे मी. हे माझं — ‘सदस्य क्रमांक दोन यांनी कळवले की त्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. सोबत कोण होते, असे अध्यक्षांनी विचारले. कोणी नव्हते, असे सदस्यांनी सांगितले. अध्यक्षांनी पुढच्या वेळी कळवावे अशी सूचना केली. सूचना मंजूर.’

आम्ही असंच बोलतो. सभेच्या बाहेर चौदा वर्षं बोललो नाही. फोन नाही, जाणं-येणं नाही. त्याचं घर इथून चालत पंधरा मिनिटांवर आहे, आणि मी त्याला नोटीस रजिस्टर पोस्टानं पाठवते. पोचपावती येते ना परत, तिच्यावर त्याची सही असते. ती मी बघते, हात कसा चाललाय ते कळतं. यंदाच्या पावतीवर सुनेची सही होती.

तर वर्षातून पाच वेळा तो येतो, बरोबर अकराला, टोपी खुंटीला अडकवतो, त्या खुर्चीवर बसतो आणि म्हणतो, कोरम आहे, सभा सुरू करू या. मी म्हणते, हो. मग चाळीस मिनिटं. एकदा पन्नास मिनिटं झाली होती, भाड्यानं दिलेल्या गाळ्याचा विषय होता, आम्ही दोघांनी लांबवला. म्हणून म्हणते, ही फुली जी मारलीय ना इथे, ती सहीची जागा नाही. त्या जागी मी सही केली की तो पुन्हा का येईल? कायद्यानं यावं लागतं म्हणून येतो तो. कायदा उठला की आम्ही दोन म्हातारी माणसं, दोन घरांत.

भांडण कशावरून? विचारलं नाहीत तुम्ही, पण तोंडावर दिसतंय. याच पुस्तकातून झालं. पान सत्तेचाळीस. तेव्हाची सर्वसाधारण सभा, ऑडिटर हजर, वहिनी हजर. बोलता बोलता तापलं, आणि दादा म्हणाला — थांबा, वाचते — ‘तुला ना घर ना माणूस, म्हणून तू या खुर्च्या-टेबलांचा संसार मांडून बसली आहेस.’ सगळ्यांदेखत. मी काय केलं? लिहिलं. हातात पेन होतं, सभा चालू होती, लिहिलं. पुढच्या सभेत मोठ्यानं वाचलं, एक शब्द न गाळता, आणि पुस्तक त्याच्यापुढे सरकवलं. मला वाटलं, म्हणेल, हे काढ, हे मी रागात बोललो. नियमात बसतं ते, सही करायच्या आधी दुरुस्ती सुचवता येते. मी दुरुस्तीपुरती जागासुद्धा सोडून ठेवली होती, ही बघा, चार बोटं. त्यानं वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि सही केली. बरोबर आहे म्हणून सही केली. टोपी घेतली आणि गेला. तेव्हापासून हे असं.

त्याच्या आधी काय झालं होतं? काही नाही. काय व्हायचंय? कामाचं बोलणं चाललं होतं. मालाचं. नळ्या परत येत होत्या त्या वर्षी. — पंखा वाढवू का? — त्याचा श्वास पुरत नव्हता हो. चाळीस वर्षं भट्टीपुढे फुंकून फुंकून छातीचं खोकं झालं होतं त्याचं, नळी मध्येच थरथरायची, भिंत कुठे जाड कुठे पातळ, माझ्या रेघा बसायच्या नाहीत तिच्यावर. तर कुणीतरी म्हणालं सभेत, की फुंकलेला माल आपण बाहेरून घेऊ. म्हणजे तसं म्हणायला हरकत नव्हती. कुणीतरी म्हणजे, दोनच तर सदस्य आम्ही.

मी म्हणाले. मी म्हणाले, ‘दादा, तुझ्या फुंकरीत आता दम नाही. कंपनी माझ्या रेघांवर चालते, तू नुसता बसत जा.’ वहिनीसमोर. त्यानं शिकवलेले दोन कारागीर दारात उभे होते, त्यांच्यासमोर. मग तो ते बोलला. आणि मी त्याचं लिहिलं, माझं नाही लिहिलं. शब्दन्‌शब्द लिहिते म्हणून मिरवते मी, आणि पान सत्तेचाळीसवर माझं वाक्य नाही. शोधा, नाही सापडणार. त्याला ते माहीत होतं. वाचताना थांबला होता तो, बरोबर त्याच ठिकाणी बोट ठेवून थांबला होता. एका शब्दानं म्हणाला असता, की तुझंही घाल, तर मला घालावं लागलं असतं. नाही म्हणाला. सही केली आणि माझं झाकलं. चौदा वर्षं ती चार बोटं जागा तशीच आहे, आणि मला वाटत होतं, ती मी त्याच्यासाठी सोडलीय.

प्रत्येक सभेच्या नोटिशीत शेवटचा विषय असतो, बघा, आजच्याही आहे — ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.’ मी दर वेळी ठरवते, आज मांडायचं, की पान सत्तेचाळीसवर एक वाक्य राहून गेलंय, ते वाचू का. दर वेळी तो विचारतो, आणखी काही विषय? मी म्हणते, नाही. सभा संपते. आज मांडणार होते, खरंच. पण अध्यक्षच नाहीत तर परवानगी कुणाची मागू. आणि पुढच्या आठवड्यालाही आला नाही, तर कायदा काय म्हणतो ठाऊक आहे? तहकूब सभेला हजर असतील तेवढ्यांचा कोरम धरावा. म्हणजे मी एकटी. एकटीची सभा कायद्याला चालते. मला नाही चालत.

पुन्हा खिडकी. अहो, काय आहे तिथे? मघापासून तुमचा जीव थाऱ्यावर नाही, तीनदा तोंड उघडलंत. बरं, बोला. बोला म्हणतेय ना, मी परवानगी देते, नोंद नाही घेत.

गाडीत? कुठल्या गाडीत — खाली? आता? अकरापासून?

चढला होता? किती? पहिल्या मजल्यापर्यंत. आणि कठड्याला धरून उभा राहिला, आणि मग तुमच्याकडे ते पत्र दिलं. लिहून खिशात ठेवलंच होतं म्हणजे. आणि काय म्हणाला? — ‘चढवत नाही असं तिला सांगू नका.’ असं म्हणाला. श्वास पुरत नाही हे मला सांगू नका. मला.

किती वाजले? अकरा सत्तावीस. नोटीस इकडे द्या, ती वरची. सभेची जागा काय लिहिलीय — इमारतीचा नंबर. मजला आहे का कुठे? नाही ना? मीच टाइप करते, मला माहीत नाही होय. इमारतीचा तळमजला म्हणजेही इमारतच, आणि दाराशी उभी असलेली गाडी — असेना का रस्त्यावर, अध्यक्षांनी हरकत घेतली तर बघू. पुस्तक द्या ते. पेन. नाही, हे नको, शाईचं, ते तिथलं. त्याची टोपी नसेल डोक्यावर, गाडीत काढून ठेवतो तो.

अर्ज? तो राहू द्या टेबलावर. तो विषय क्रमांक तीन आहे, आधी दुसरे विषय आहेत. सरका जरा, तीन मिनिटांत तीन मजले उतरायचेत मला, आणि गुडघे माझेही काही नवे नाहीत. — नको, हात नको. तुम्ही इथेच बसा. पाहिजे तर अध्यक्षांच्या खुर्चीवर बसा, पण खाली येऊ नका. तुम्ही सदस्य नाही.