मारियेचे हात

उल्रिख : वहिनी, हे चित्र दादाचं नाही.

वाल्बुर्गा : आल्या आल्या? आधी बसा तरी, भावजी. बिअर ओतलीय.

उल्रिख : बिअर राहू द्या. आज मी दीर म्हणून आलेलो नाही, चित्रकार संघाचा तपासनीस म्हणून आलोय.

वाल्बुर्गा : मग तपासा आणि शिक्का मारा. क्रुसावरून उतरवलेला येशू, त्याला मांडीवर घेऊन बसलेली आई मारिया. मठानं ह्यांना काढायला सांगितलं होतं तेच आहे.

उल्रिख : मारियेला हात आहेत.

वाल्बुर्गा : सगळ्यांनाच असतात.

उल्रिख : सेबाल्डदादाच्या चित्रात नसायचे. तीस वर्षं हात काढायची वेळ आली की त्यानं वर झगा ओढला. अख्खं आउग्सबुर्ग हसायचं. आणि इथं दहाच्या दहा बोटं, तीही एवढी लांब. मेल्यावर शिकला का तो?

वाल्बुर्गा : लांब बोटं इटलीहून आलेल्यानं काढली की तुम्हीच माना डोलावता.

उल्रिख : तुमच्या कारागिरानं, कास्परनं काढली म्हणा. मी मान्य करतो.

वाल्बुर्गा : कास्पर ईस्टरलाच म्युनिकला पळाला. हात मी काढलेत.

उल्रिख : हळू बोला. नियम माहीत आहे ना? कुंचला कारागिराच्या हातात असेल, तरच विधवेला चित्रशाळा चालवता येते. रविवारी सभेत हे कळलं तर सोमवारी दाराला कुलूप लागेल.

वाल्बुर्गा : तुमच्या पलंगावर संत बार्बराचं चित्र टांगलंय ना? तिचा चेहराही मीच काढलाय.

उल्रिख : काहीतरीच काय.

वाल्बुर्गा : शेवटची आठ वर्षं ह्यांचा हात थरथरत होता. चेहरे मी काढायचे, नाव हे घालायचे. तेव्हा तुमचा नियम कुठं झोपला होता?

उल्रिख : ते झाकलेलं होतं, वहिनी. हेही झाकू. हातांवर निळं कापड रंगवा. अर्ध्या दिवसाचं काम. चित्र दादाचं ठरेल, चित्रशाळा तुमची राहील. आणा, मीच करतो.

(तो निळ्या रंगातला कुंचला उचलतो.)

वाल्बुर्गा : ठेवा तो खाली.

उल्रिख : तुमच्याच भल्याचं सांगतोय.

वाल्बुर्गा : हे गेले त्या सकाळी तुम्ही सगळे खाली उभे होता. ह्यांना आंघोळ मी घातली, एकटीनं. ते अंग किती जड होतं, ते माझ्या या हातांना ठाऊक आहे. मेलेल्या लेकराला आई झग्याआडून धरते का, भावजी?

उल्रिख : …नाही.

वाल्बुर्गा : मग झाकायचं नाही.

उल्रिख : आणि कुलूप लागलं तर?

वाल्बुर्गा : लागू दे. स्वयंपाकघरात काढीन. तिथं तुमचा संघ येत नाही.

उल्रिख : सभेत विचारतील कुणी काढलं म्हणून. मी काय सांगू?

वाल्बुर्गा : वाल्बुर्गानं, म्हणा. आणि जाताना दार ओढून घ्या. धूळ येते, हात अजून वाळलेले नाहीत.