मंगळवारचा तास

जामनेरच्या एसटीत प्रेमचंदशेठनी पेपर उघडला होता, पण कान पुढच्या सीटवर होते. तिथं एक आबा सुनेला न सांगता सात वर्षांच्या नातीचं नाव शाळेत घालायला निघाले होते आणि तिची तालीम घेत होते.

“हेडमास्तर विचारतील, आजवर कोणत्या शाळेत होतीस?”

“घरच्या.”

“घरी शाळा नसते, ऋतिका. घरी तुझी आई शे.”

“आई गणित शिकवते. गुरुवारी आम्ही नदीवर पक्षी मोजतो.”

“पक्षी मोजून कोणी पास होतं का? ना घंटा, ना मास्तर!”

“मास्तर आहेत की. मंगळवारी केळीच्या सोपटाची दोरी वळायचा तास असतो.”

“ती तर मी शिकवतो तुला.”

“हो. आईनं वहीत लिहिलंय, शिक्षक जीवराम आबा.”

“मी? मी चौथी नापास शे, माय.”

“आबा, आज मंगळवार आहे.”

“मंग?”

“तुमची गैरहजेरी मांडू?”

जामनेर आलं. गाडी रिकामी झाली तरी आबा उठेनात. शेवटी ते मागे वळले.

“शेठ, शाळा कोणत्या बाजूला शे? नाही, थांबा. परतीची गाडी कवा शे?”