आपल्या माणसांचा झेंडा

दवाखान्यात नंबरची वाट बघत बसलेल्या शिंप्याच्या शेजारीच काका-पुतण्याची जुंपली होती.

“काका, एकदाचा आपल्या समाजाचा पक्ष निघाला!”

“आजवर आपली मतं कुणाला जायची?”

“आमदारांच्या विरोधातल्या बाईंना.”

“आणि आता?”

“निम्मी तरी आपल्याला.”

“मग निवडून कोण येणार?”

“आमदारच... पण त्यांना कधी निम्मी मतंसुद्धा पडत नाहीत!”

“लागतात कशाला? ज्याला सगळ्यांत जास्त, तो जिंकला. बाकीचे फुटले की झालं. हा पक्ष काढला कुणी, ते बघ आधी.”

“तुम्हाला सगळ्यातच काळंबेरं दिसतं. टेलरकाका, झेंडे तुम्हीच शिवलेत ना? सांगा यांना, कापड कुणी दिलं?”

शिंप्याला आमदारांच्या गाडीतून उतरलेले तागे आठवले.

“माझा नंबर आला वाटतं,” म्हणत तो उठला.

आतून कुणी हाक मारलीच नव्हती.