एकच जागा

एक्स-रेसाठी थांबलेल्या काकांच्या शेजारी बास्केटबॉल संघाच्या कोच बाई आणि मॅनेजर यांचा वाद चालला होता. करार संपलेली त्यांची जुनी खेळाडू गुडघा दाखवायला आत गेली होती.

"जागा एकच आहे, ताई. त्या नव्या पोरीलाच घ्या. काय उडी मारते!"

"आणि आत आहे तिचं काय?"

"तिला आता आराम करू दे की. गुडघा कुरकुरतो तिचा, मला बाकावर ऐकू येतं."

"तोंडही चालतं तिचं, ते नाही ऐकलंस?"

"म्हणजे?"

"नवी मुकाट खेळते. ही सारखी मागून ओरडत असते, 'जा गं पुढे, मी आहे मागे.' तेवढ्यावर आपल्या भित्र्या पोरीसुद्धा समोरच्यांच्या अंगावर जातात."

"नुसतं ओरडायला जागा अडवायची?"

"तेच तर ठरत नाहीये माझं."

"हिलाच घ्या," काका बोलून गेले.

"तुम्ही मॅच बघता, काका?"

"नाही हो. माझी बायको गेली, मागच्या महिन्यात. तीही अशीच मागून ओरडायची."

दार उघडलं आणि जुनी खेळाडू लंगडत बाहेर आली.

"काय ठरलं, ताई? नवीच ना?"

"ह्या काकांना विचार. त्यांनी तुला घेतलंय संघात."