आठ खाटांचा हनिमून

आमच्या निलेशची अक्कल ऐकायचीय? पोलादपूरला स्वतःच्याच साखरपुड्यात हा शहाणा मोबाईल नाचवत फिरत होता. "हनिमूनला युरोप! नऊ दिवसांत पाच शहरं, तेही एकदम स्वस्तात."

होणाऱ्या बायकोने, सुप्रियाने विचारलं, "स्वस्तात कसं?"

"एका खोलीत आठ खाटा. दोन आपल्या, सहा परक्यांच्या. रोममध्ये तर तू बायकांच्या खोलीत, मी पुरुषांच्या. अजून स्वस्त!"

वर हसला मेला.

तेवढ्यात सुप्रियाची आई चहाचा ट्रे घेऊन आली. म्हणाली, "जावईबापू, आमच्या ह्यांनी पण मुंबयला गावकीच्या खोलीत वीस वर्सं काढली. गावचे पंधरा बाप्ये एका वळीत झोपायचे. पण लगीन झाल्यावर मला नाय नेलं तिथं. तेवढी अक्कल होती त्यांना."